मडफ्लॅप लावावेत की नाही? फोर बाय फोर गाडी आणि मागून येणारा माणूस

आज आपण घेतलेला विषय दिसायला फार लहान आहे. चाकामागे लटकणारी वीतभर रबराची पट्टी, म्हणजे मडफ्लॅप. पण फोर बाय फोर गाडी घेतली की पहिल्या महिन्यातच हा प्रश्न उभा राहतो. ॲक्सेसरीवाला म्हणतो, "लावून टाका साहेब, रंग टिकेल." डोंगरात गाड्या घालणारे मित्र म्हणतात, "काढून टाक, पहिल्याच धोंड्याला उपटून निघेल." दोघंही खरंच बोलतात, आणि म्हणूनच गोंधळ होतो.

आम्ही आज सरळ हो किंवा नाही सांगणार नाही. चाकातून काय उडतं, कुठे जातं आणि कोणाला लागतं, हे आधी आकड्यांनिशी पाहू. मग पट्टी कुठे लावायची, कशी लावायची आणि कधी काढायची हे आपोआप ठरत जाईल. गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

चाकातून पाणी चार वाटांनी उडतं

ओल्या रस्त्यावर टायर पाण्याचं काय करतो याचा अभ्यास ट्रकच्या संदर्भात बराच झालेला आहे. त्यात पाणी उडण्याच्या चार तऱ्हा सांगतात.

पहिली, टायरच्या पुढे ढकलली जाणारी लाट, होडीच्या नाळेपुढे असते तशी. दुसरी, बाजूची लाट. टायर जमिनीवर दाबला जातो तेव्हा त्याच्याखालचं पाणी दोन्ही बाजूंना पिचकारीसारखं सुटतं. तिसरी, टायरच्या नक्षीत, म्हणजे खाचांत भरलेलं पाणी चाक वर जाताना मागे फेकलं जातं. चौथी, टायरच्या पृष्ठभागाला चिकटलेला पातळ थर. हा चाकाबरोबर वरपर्यंत फिरतो आणि त्याचे बारीक तुषार होतात.

आता मडफ्लॅपची जागा डोळ्यासमोर आणा. तो चाकाच्या मागे आहे. म्हणजे तिसऱ्या वाटेचं पाणी तो अडवतो, चौथ्या वाटेचं थोडंफार अडवतो. पहिल्या आणि दुसऱ्या वाटेशी त्याचा काहीही संबंध नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचंय. डबक्यातून गाडी गेली आणि कडेने चालणारी बाई कमरेपर्यंत भिजली, तर ते पाणी दुसऱ्या वाटेने आलेलं असतं. जगातला कुठलाही मडफ्लॅप ते अडवत नाही.

चिखल कधी सुटतो?

पाण्याचं झालं, आता चिखल. चिखल टायरला चिकटून असतो आणि फिरण्यामुळे बाहेर फेकला जाऊ पाहतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट.

उदाहरणाला २०२० मध्ये आलेली थार घेऊ. २५५/६५ आर १८ मापाच्या टायरची त्रिज्या साधारण ३९ सेंटिमीटर भरते. ताशी २० किलोमीटरला टायरवरच्या ढेकळावर त्याच्या वजनाच्या ८ पट जोर येतो. ४० ला ३२ पट. ६० ला सुमारे ७२ पट. ८० ला जवळजवळ १३० पट.

यातून रोजच्या अनुभवातली एक गोष्ट उलगडते. पाणंद रस्त्यावर किंवा शेताच्या चाकोरीत गाडी सावकाश चालते तेव्हा चिखल फारसा उडत नाही, तो नक्षीत ठासून बसतो. गाडी डांबरी रस्त्यावर येते, आपण हुश्श करून वेग वाढवतो, आणि नेमका तिथे तो सुटायला लागतो. म्हणजे चिखल भरतो कच्च्या वाटेवर, पण उडतो पक्क्या रस्त्यावर, जिथे मागे दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल येत असते. मडफ्लॅपची खरी गरज कुठे आहे हे इथे कळतं. ती ट्रेलवर नाही, ट्रेलवरून परत येताना आहे.

दगड मागे जात नाही, वर जातो

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. "पुढच्या गाडीने दगड मागे फेकला आणि काच फुटली" असं आपण म्हणतो. पण चाक जर घसरत नसेल, तर दगड रस्त्याच्या हिशेबाने मागे जातच नाही.

कसं ते बघा. फिरणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो. तिथून तो मागच्या बाजूने वर उचलला जातो आणि उचलता उचलता पुढे जायला लागतो. म्हणून तिथून सुटलेला दगड वर जातो आणि किंचित पुढे सरकतो. गाडी मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी वेगाने पुढे निघून जाते, म्हणून गाडीत बसलेल्याला तो मागे गेल्यासारखा वाटतो.

आकडे घालू. गाडी ६० च्या वेगात आहे आणि खडीचा तुकडा जमिनीशी २० अंशाचा कोन करून सुटला. हवेचा अडथळा सोडून दिला तर तो साधारण १.६५ मीटर उंच जातो, म्हणजे मोटरसायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढा. पुढे सरकण्याचा त्याचा वेग असतो ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, माणसाच्या रमतगमत चालीएवढा. आणि हवेत तो सव्वा सेकंदाच्या आतबाहेर राहतो.

याचा अर्थ असा, की तो दगड रस्त्यावर जवळजवळ टांगलेला असतो आणि मागून येणारा माणूस स्वतः त्याच्यावर जाऊन आदळतो. मागची दुचाकी ६० ने येत असेल तर धडक ५६ च्या वेगाची. आणि त्या सव्वा सेकंदात ती वीस मीटर कापते. म्हणून गाडीमागे वीस मीटरच्या आत येणारा प्रत्येक जण या दगडाच्या टप्प्यात असतो. हेल्मेटची काच वर केलेली असेल, किंवा हेल्मेटच नसेल, तर हा आकडा काय करू शकतो ते वेगळं सांगायला नको.

चाक जागच्या जागी गरागरा फिरलं, जसं चढावर मुरुमात फिरतं, तर दगड खरोखरच मागे सुटतात. म्हणून अडकलेल्या गाडीच्या सरळ मागे कोणी उभं राहू नये. ढकलणाऱ्यांनीसुद्धा चाकाच्या रेषेत उभं न राहता मधोमध किंवा बाजूला राहावं.

एकच रेषा, दोन कामं

आता ऑफरोडवाल्यांचा मुद्दा. ते म्हणतात मडफ्लॅप डिपार्चर अँगल खातो. डिपार्चर अँगल म्हणजे काय? मागच्या टायरच्या खालच्या कडेला स्पर्श करून, गाडीच्या मागच्या बाजूला सर्वांत आधी आड येणाऱ्या भागाला टेकणारी रेषा काढायची. ती रेषा जमिनीशी जो कोन करते तो डिपार्चर अँगल. हा कोन जितका मोठा तितकी गाडी चढावरून उतरताना, चरातून बाहेर पडताना मागे घासत नाही. या थारचा हा कोन कंपनीने ३६.८ अंश दिलेला आहे.

आता गंमत बघा. दगड टायरवरून सुटतो तो स्पर्शिकेच्या दिशेने. म्हणजे चाकाला टेकून मडफ्लॅपच्या खालच्या कडेला लागणारी जी रेषा डिपार्चर अँगल ठरवते, नेमकी तीच रेषा कुठला दगड अडणार आणि कुठला निसटणार हेही ठरवते. त्या रेषेच्या वर सुटलेला दगड पट्टीवर आपटतो. खाली सुटलेला पट्टीखालून जातो.

म्हणून कागदावर हिशेब करून पाहू. मडफ्लॅप मागच्या आसापासून ४५ सेंटिमीटर मागे लावलाय असं धरा. त्याची खालची कड जमिनीपासून २५ सेंटिमीटर वर ठेवली, तर कोन ३८ अंशाच्या आसपास येतो. गाडीचा मूळ कोन शाबूत राहिला, मालक खूश. पण मग ३८ अंशाखालचे सगळे दगड पट्टीखालून निसटतात. बंपर जेवढं अडवत होता तेवढंच पट्टी अडवते. तिने वेगळं असं काय केलं?

तीच कड २० सेंटिमीटरवर आणली तर कोन ३० अंश होतो. १५ सेंटिमीटरवर आणली तर साधारण २२ अंश. आता पट्टी खरं काम करायला लागली, पण चढाचा कोनही तेवढाच गेला.

थोडक्यात, जो मडफ्लॅप कोन अजिबात खात नाही तो कामही करत नाही. "ऑफरोडला अडचण नको आणि रस्त्यावर पूर्ण संरक्षण हवं" असा कायमचा बसवलेला कडक मडफ्लॅप असूच शकत नाही. भूमितीच तशी आहे. वाट एकच उरते. पट्टी रस्त्यावर खाली हवी आणि ट्रेलवर वर हवी. म्हणजे ती लवचीक हवी, आणि दुमडता किंवा काढता यायला हवी.

युरोपातले नियमही याच अडचणीतून गेलेले दिसतात. तिथे १९९१ मध्ये अवजड वाहनांच्या तुषारांवर नियंत्रण ठेवणारा निर्देश आला. त्यात चाकामागच्या पट्टीची खालची कड सर्वसाधारणपणे जमिनीपासून २० सेंटिमीटरच्या वर नको असं म्हटलं गेलं, आणि खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या वाहनांना सूटही दिली गेली.

पुढचा जोड आपला, मागचा जोड दुसऱ्यांचा

चार चाकांना चार मडफ्लॅप, पण चौघांचं काम एक नाही.

पुढच्या चाकातून उडालेली खडी आपल्याच गाडीवर येते. दारांची खालची कड, साइड स्टेप, मागच्या फेंडरची पुढची बाजू. तिथला रंग आधी टवके निघून जातो, मग गंज धरतो. किनारपट्टीवर, जिथे हवेतच खार असतो, तिथे ही गोष्ट झपाट्याने वाढते. मोकळ्या खडीवर धावणाऱ्या रॅलीच्या गाड्यांना मोठाले मडफ्लॅप दिसतात त्याचं एक कारण हेच. त्या गाड्या स्वतःलाही वाचवत असतात.

मागच्या चाकातून उडालेलं मात्र आपल्या गाडीला फारसं लागत नाही. ते मागच्याला लागतं. त्यामुळे होतं काय, की पुढचा जोड लोक हौसेने लावतात आणि मागचा तुटला की तसाच राहतो. आपल्याला त्याची उणीव जाणवतच नाही ना! जाणवते ती मागच्या स्कूटरवाल्याला, आणि तो आपल्याला सांगायला येत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं, की एकच जोड टिकवायचा असेल तर मागचा टिकवावा.

गाडीला मूळ मापापेक्षा रुंद टायर, किंवा टायर बाहेर काढणारी रिम बसवली असेल तर हा आग्रह दुप्पट. टायर फेंडरच्या बाहेर आला की कंपनीने दिलेली पट्टी त्याला पुरत नाही. नक्षीच्या संपूर्ण रुंदीमागे पट्टी आली पाहिजे. टायर बाहेर आणि पट्टी आत, अशी गाडी चिखल मागे आणि वर, दोन्हीकडे उडवते. मुळात टायर-रिमचा बदल नोंदणीतल्या तपशिलांत आणि कायद्यात बसतो का, तेही आधी पाहावं.

कुठल्या मातीत काढून ठेवावेत

आता ट्रेलवाल्यांची बाजू पूर्ण न्यायाने मांडू. मडफ्लॅप तुटतो तो बहुतेक वेळा पुढे जाताना नव्हे, रिव्हर्स घेताना. पुढे जाताना पट्टी धोंड्याला लागली तर मागे वळते आणि सुटते. मागे येताना तीच पट्टी बांधाला, दगडाला किंवा बुंध्याला टेकते, चाकाकडे दुमडते आणि टायरखाली जाते. मग गाडीचं सगळं वजन तिच्यावर. पट्टी चिवट आणि स्क्रू पक्के असतील तर ती एकटी जात नाही, आतलं प्लॅस्टिकचं लायनर, कधी बंपरचा कोपरा घेऊन जाते. म्हणजे चारशे रुपयांची वस्तू कित्येक हजारांचा खड्डा पाडते. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत फेंडर कापलेल्या, मडफ्लॅप नसलेल्या गाड्या दिसतात, त्यामागे हाच विचार आहे. तिथे मागून कोणी भाजी घेऊन घरी चाललेला नसतो.

दुसरी अडचण मातीची. आपल्याकडची माती एकसारखी नाही. कोकणातली जांभ्याची तांबडी माती डाग पाडते, पण बऱ्यापैकी सुटून येते. देशावरची काळी कापसाची माती वेगळीच. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि विलक्षण चिकटतं. बैलगाडीच्या चाकाला चिखल धरतो आणि चाक दुप्पट जाड होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको. अशा मातीत मडफ्लॅप म्हणजे चाकाच्या कमानीचं मागचं दार बंद केल्यासारखं होतं. बाहेर पडू पाहणारा चिखल आतच ठासला जातो, टायर त्याच्यावर घासतो, स्टिअरिंग जड होतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्याने जायचं असेल तर पट्ट्या काढून डिकीत टाकाव्यात. डांबरी रस्त्याला लागल्यावर परत लावाव्यात.

तिसरी, वाहतं पाणी. ओढ्यातून रिव्हर्स घेताना पाण्याच्या दाबाने पट्टी चाकाकडे वळू शकते. आणि पाणी खरोखर जोरात वाहत असेल, फरशी पुलावरून जात असेल, तर तिथे गाडी घालूच नये. तिथे प्रश्न मडफ्लॅपचा राहत नाही.

कसा लावावा

आता गॅरेजमधलं बोलू.

जाडी साधारण ४ मिलिमीटर, आत कापडाचा पदर असलेलं रबर किंवा चांगलं लवचीक पॉलियुरेथेन. फार मऊ नको. ३० सेंटिमीटर चौकोनी पट्टीवर ताशी ८० च्या वेगाला हवेचा जोर जास्तीत जास्त अडीच किलोच्या घरात जातो. जुन्या ट्यूबचं पातळ रबर लावलं तर ते या जोराने झेंड्यासारखं मागे उडतं, आणि जेव्हा गरज आहे तेव्हाच जागेवर नसतं. उलट कन्व्हेअर बेल्टचा जाड तुकडा इतका ताठ असतो की तो दुमडत नाही, बॉडीच ओढतो. घडवलेल्या कडक प्लॅस्टिकचे तयार मडफ्लॅप शहरात छान दिसतात, पण रिव्हर्समध्ये तडकतात.

खालची कड रस्त्यावरच्या वापराला १५ ते २० सेंटिमीटरवर. हे माप गाडीत माणसं आणि सामान असताना घ्यायचं, रिकाम्या गाडीवर नाही.

शक्य तोवर नवीन भोक पाडायचं नाही. लायनरचे जे मूळ स्क्रू असतात त्याच जागा वापराव्यात. पाडावंच लागलं तर कापलेल्या कडेला प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय स्क्रू घालू नये, कारण गंजाची सुरुवात तिथूनच होते. स्क्रू स्टेनलेसचे, मागे रुंद वॉशर किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. आणि एक साधं तत्त्व: फाटायचं झालं तर रबर फाटू दे, पत्रा नको. म्हणून रबरातलं भोक बंद न ठेवता खालच्या बाजूला खाच देऊन उघडं ठेवतात. जोराचा हिसका बसला की पट्टी स्क्रूतून निसटते, मागाहून परत बसवता येते.

खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक आयलेट ठोकून घ्यावं. ट्रेल सुरू होण्याआधी टायरची हवा कमी करतो तेव्हाच दोरीने किंवा हुकाने पट्टी वर बांधायची. हवा भरताना सोडायची. दोन्ही कामं एकत्र केली की विसरत नाही.

पुढचे मडफ्लॅप लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावं, आणि एक चाक ठोकळ्यावर चढवून, म्हणजे सस्पेन्शन दबलेलं असताना, पुन्हा पाहावं. सपाट जमिनीवर न घासणारा टायर खड्ड्यात घासतो.

आणि धुताना पट्टीच्या मागे पाण्याचा फवारा मारायचाच. तिथे अडकलेली ओली माती दिवसेंदिवस पत्रा भिजत ठेवते. ज्या वस्तूने रंग वाचवायचा, तिच्याच मागे गंज पोसला जातो.

आणि तरीही उरतं ते

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या गोष्टीकडे येऊ.

जपानच्या १९६० च्या रस्ता वाहतूक कायद्यात, कलम ७१ मध्ये, चालकाच्या कर्तव्यांच्या यादीत पहिलंच कर्तव्य या विषयाचं आहे. चिखलातून किंवा डबक्यातून जाताना चिखल अडवणारं साधन लावून किंवा अगदी सावकाश जाऊन, आपल्या गाडीने उडवलेल्या चिखलपाण्याचा दुसऱ्याला त्रास होणार नाही असं वागावं, असा त्याचा आशय आहे. पट्टी आणि वेग या दोन गोष्टी त्या कायद्याने एकाच वाक्यात आणल्या. आम्हाला हे फार नेमकं वाटतं.

कारण आपलेच आकडे पुन्हा बघा. मडफ्लॅप १५ सेंटिमीटरवर आहे, २२ अंशाच्या खालचे दगड निसटतात. ६० च्या वेगाला यातला सर्वांत उंच जाणारा दगड दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे पट्टी असूनही मागच्याचा चेहरा धोक्यात. आता पट्टी नको, पण वेग ३० वर आणा. बंपरच्या ३७ अंशापर्यंतचा दगड सव्वा मीटरपर्यंत जातो, म्हणजे छातीपर्यंत. आणि दोन्ही केलं, पट्टीही आणि वेगही? दगड अर्ध्या मीटरच्या वर जात नाही, गुडघ्याच्या आसपास राहतो. एकट्या पट्टीने भागत नाही, एकट्या सावकाशपणानेही पूर्ण भागत नाही. खडी पसरलेल्या रस्त्यावर दोन्ही लागतं.

आणि बाजूची लाट तर फक्त वेगाला ऐकते. पावसाळ्यात ताम्हिणीत, माळशेजला सहलीच्या गाड्या जातात त्याच रस्त्याच्या कडेने शाळेची मुलं चालत असतात, लावणीला निघालेल्या बायका असतात. आषाढात पालख्यांच्या वाटेवर हजारो माणसं पायी असतात. त्यांच्यासाठी आपल्या गाडीला कुठलीही ॲक्सेसरी मिळत नाही. तिथला मडफ्लॅप म्हणजे आपला उजवा पाय.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न: मडफ्लॅपमुळे मायलेज कमी होतं का?
उत्तर: हवेचा अडथळा वाढतो हे खरं, पण या उभट गाड्यांच्या एकूण अडथळ्यात त्याचा वाटा अगदी किरकोळ. रुंद टायर आणि छतावरचं कॅरियर यांनी जेवढा फरक पडतो त्यापुढे हा फरक मोजायला जाऊ नका.

प्रश्न: फेंडरला रुंद फ्लेअर लावली तर मडफ्लॅपची गरज उरते का?
उत्तर: उरते. फ्लेअर टायरला वरून झाकते. दगड आणि चिखल सुटतो तो मागून, खालच्या भागातून. फ्लेअर ही छत्री आहे, मडफ्लॅप हा पडदा आहे.

प्रश्न: जिम्नीसारख्या अरुंद टायरच्या गाडीला गरज कमी असते का?
उत्तर: जिम्नीचा टायर १९५ मिलिमीटर रुंद, थारचा २५५. टायर अरुंद असल्यामुळे उचललं जाणारं पाणी कमी आणि छोटी पट्टीही पुरते. पण दगड किती उंच जाणार हे टायरच्या रुंदीवर नसून वेगावर आणि कोनावर अवलंबून आहे. त्यामुळे मागच्या जोडीची गरज तेवढीच.

प्रश्न: ट्रकवाले पट्टीच्या खाली लोखंडी सळई लावतात, ती उडू नये म्हणून. आम्ही लावली तर?
उत्तर: नका लावू. सळई सुटली तर मागच्यासाठी ती खडीपेक्षा वाईट, आणि ट्रेलवर ती पट्टीला दुमडू देत नाही. रबरच योग्य जाडीचं घ्या.

प्रश्न: मग एका वाक्यात सांगा, लावू की नको?
उत्तर: गाडी महिन्यातले बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावर असेल, आणि बहुतेकांची असते, तर लावा. मऊ लावा, खाली लावा, मागचा जोड कधी तुटका ठेवू नका, आणि ट्रेलच्या तोंडाशी वर बांधा. ज्यांची गाडी ट्रेलरवर लादून थेट स्पर्धेच्या ठिकाणी जाते त्यांनी लावले नाहीत तरी चालेल. बाकी आपण सगळे त्याच रस्त्याने घरी जातो ज्या रस्त्याने तो दूधवाला जातो.

इथेच थांबू.